ख्रिस्ती लोकांचा छळ: रक्त सांडल्यावरच आपल्याला दिसतो का?

अबोली

बरेच दिवस धर्मस्वातंत्र्यावर वाचते आहे आणि एक गोष्ट सारखी टोचते, म्हणून हा धागा.

जगात कुठे ख्रिस्ती माणसं मारली गेली की बातमी येते. फेब्रुवारी २०१५ मध्ये लिबियाच्या किनाऱ्यावर नारिंगी कपडे घातलेल्या २१ जणांचे गळे चिरले. त्यातले २० इजिप्तचे कॉप्टिक ख्रिस्ती मजूर होते आणि एक घानाचा. २१ एप्रिल २०१९ ला, ईस्टरच्या सकाळी, श्रीलंकेत चर्च आणि हॉटेलांत स्फोट झाले, अडीचशेहून जास्त माणसं गेली. दोन्ही वेळा जग हळहळलं आणि पुढे गेलं.

पण मलेशियातल्या लीना जॉय यांचं नाव किती जणांनी ऐकलं आहे? मुस्लिम घरात जन्म, १९९८ मध्ये बाप्तिस्मा. ओळखपत्रावर धर्माच्या रकान्यात 'इस्लाम' आहे तो काढा, एवढीच मागणी. तो काढल्याशिवाय त्यांना ख्रिस्ती माणसाशी कायदेशीर लग्न करता येत नव्हतं. ३० मे २००७ ला तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने दोन विरुद्ध एक मताने नकार दिला: आधी शरिया न्यायालयाचा दाखला आणा. म्हणजे ज्या धर्मात आपण नाही असं ती बाई सांगते आहे, त्याच धर्माच्या न्यायालयाने तिला सोडचिठ्ठी द्यायची. कोणी मारलं नाही, कोणी तुरुंगात टाकलं नाही. एक रकाना, बस्स.

माझं म्हणणं असं, की छळाची सुरुवात बहुतेक वेळा अशा कागदांवर होते. नोंदणी, परवाना, दाखला, प्रतिज्ञापत्र. जमाव त्यानंतर येतो, आणि येताना कायदा आपल्या बाजूला आहे या खात्रीने येतो. तुम्हाला काय वाटतं? आणि कायदा बदलला तर काही फरक पडतो का?

इतिहासवेडा

अबोलीताई, तुमच्या मुद्द्याला पावणेअठराशे वर्षं जुना पुरावा देतो.

रोमन साम्राज्यातला छळ म्हटलं की लोकांना नीरो आठवतो, इसवी सन ६४ ची रोमची आग आठवते. पण नीरोचा प्रकार रोम शहरापुरता होता. साम्राज्यभर, सगळ्यांना एकाच हुकुमाने गाठणारा पहिला सम्राट डेसियस, इसवी सन २५० च्या सुमारास. त्याने ख्रिस्ती धर्मावर बंदी घातलीच नाही. त्याने सांगितलं, साम्राज्यातल्या प्रत्येकाने देवांना बळी द्यायचा आणि अधिकाऱ्यांसमोर दिल्याचा दाखला घ्यायचा. असे चाळीसेक दाखले इजिप्तच्या वाळूत पपायरसवर सापडले आहेत. मजकूर साचेबंद: मी नेहमीच देवांना बळी देत आलो, आताही तुमच्यासमोर दिला, प्रसाद चाखला, तरी प्रमाणित करावं. खाली साक्षीदाराची सही.

ज्याच्याकडे दाखला नाही तो आपोआप उघडा पडला. शोधायची गरजच नाही. अनेकांनी भीतीने बळी दिला, काहींनी लाच देऊन नुसता दाखला मिळवला, काही नकार देऊन मेले. छळ थांबल्यावर चर्चमध्ये जे भांडण पेटलं ते आणखी वाईट: दाखला विकत घेणाऱ्याला परत आत घ्यायचं की नाही? कार्थेजचा बिशप सिप्रियन यावर पत्रामागून पत्रं लिहीत होता. एका कागदाने आधी शासनाकरवी माणसं मारली आणि मग उरलेल्यांना एकमेकांविरुद्ध उभं केलं.

साधा_माणूस

इतिहासवेडा, तुमचे प्रतिसाद वाचायला रजा टाकावी लागते :) पण वाचतो, लिहीत राहा.

मूळ मुद्द्याशी मात्र मी पूर्ण सहमत नाही. गळा चिरणं आणि ओळखपत्रातला रकाना यांना एकाच शब्दाखाली घातलं तर गळा चिरण्याचं गांभीर्य कमी होतं. सगळंच छळ म्हटलं की ज्याला खरोखर मारलं जातंय त्याची हाक गर्दीत हरवते.

शंकासुर

साधा_माणूस यांच्याशी सहमत, आणि म्हणूनच आकड्यांबद्दल विचारतो. 'ओपन डोअर्स' ही संस्था दरवर्षी यादी काढते. २०२४ च्या यादीत म्हटलं होतं, जगात ३६.५ कोटी ख्रिस्ती तीव्र छळ आणि भेदभावाला तोंड देतात, म्हणजे सातात एक. ही संस्था स्वतः ख्रिस्ती आहे, निधी गोळा करते. या आकड्यात नोकरी नाकारलेला माणूस आणि गोळी घातलेला माणूस शेजारी शेजारी बसले आहेत.

दुसरं. ख्रिस्ती सत्तांनी काय केलं तेही याच धाग्यात यावं. गोव्यातलं इन्क्विझिशन, म्हणजे पाखंड शोधून शिक्षा करणारं चर्चचं न्यायालय, १५६० ला सुरू झालं आणि मधला थोडा खंड सोडला तर १८१२ पर्यंत चाललं. छळाचा इतिहास एकतर्फी मांडायचा नसेल तर हे टाळता येणार नाही.

पूर्वा

आकड्यांबद्दल शंकासुर यांचा प्रश्न रास्त आहे. मी त्या आकड्यावर काही उभारत नाही. प्यू रिसर्च सेंटर ही मिशनरी संस्था नाही, ती सगळ्याच धर्मांच्या लोकांना होणारा त्रास मोजते, आणि तिच्या अहवालांत ख्रिस्ती आणि मुस्लिम हे दोन्ही समाज सर्वाधिक देशांत त्रास सोसणारे म्हणून वर्षानुवर्षं दिसतात. यात आश्चर्य नाही, जगात सर्वाधिक संख्या आणि सर्वाधिक विखुरलेपण याच दोघांचं आहे. म्हणून मला किती कोटी यापेक्षा कुठे, कोण आणि कशामुळे हे जास्त महत्त्वाचं वाटतं.

नायजेरियाचंच घ्या. ५ जून २०२२ ला ओवो गावच्या कॅथलिक चर्चमध्ये पेंटेकॉस्ट या सणाच्या उपासनेत गोळीबार झाला, चाळीसेक लोक मेले. हा सरळ उपासनेवरचा हल्ला. पण मधल्या पट्ट्यात शेतकरी आणि गुरं राखणारे फुलानी यांच्यात जे चालतं त्यात पाणी, जमीन, हवामान, बंदुका, टोळ्या, सगळं आहे. शेतकरी बहुतांश ख्रिस्ती आणि गुराखी बहुतांश मुस्लिम म्हणून त्याला धर्माचाही रंग आहे. आणि बोको हराम या अतिरेकी संघटनेने मशिदींत नमाज पढणारेही मारले आहेत. एकच कारण सांगणारा माणूस अर्धवट सांगतो, मग तो 'हे सगळं धर्मयुद्ध आहे' म्हणो की 'यात धर्माचा संबंधच नाही' म्हणो.

आणि तरी लिया शरीबू आहेच. फेब्रुवारी २०१८ मध्ये दापचीच्या शाळेतून ११० मुली पळवल्या. महिनाभराने जवळपास सगळ्या जिवंत मुली परत आल्या. लिया आली नाही, कारण तिने ख्रिस्ती श्रद्धा सोडायला नकार दिला. वय १४. तिथे जमीन आणि पाणी यांचं स्पष्टीकरण संपतं.

कडूलिंब

लियाबद्दल वाचून पुढे काही लिहावंसं वाटेना. वाचनखूण साठवली.

इतिहासवेडा

शंकासुर, गोवा यायलाच हवा, आणि यादी तिथे थांबत नाही. ख्रिस्ती सत्तेने पाखंडाच्या संशयावरून माणूस मारल्याचं पहिलं ठळक उदाहरण इसवी सन ३८५ चं, ट्रायर शहरातलं: प्रिसिलियन नावाचा बिशप. मिलानच्या घोषणेने ३१३ मध्ये ख्रिस्ती लोकांना मोकळीक मिळाली, ३८० मध्ये थिओडोसियसने त्यांचा पंथ राजधर्म केला, आणि पाचच वर्षांत ही पाळी. काल जे मार खात होते त्यांच्या हातात काठी आली.

१६६० मध्ये बॉस्टनमध्ये मेरी डायर या क्वेकर पंथाच्या ख्रिस्ती बाईला फाशी दिलं. देणारे प्युरिटन या दुसऱ्या ख्रिस्ती पंथाचे, जे स्वतः इंग्लंडमधल्या जाचाला कंटाळून तिथे गेले होते. एडिनबरामध्ये १६९७ ला टॉमस एकनहेड या विद्यार्थ्याला ईशनिंदेसाठी फाशी झाली. कॅथलिक चर्चने धर्मस्वातंत्र्य हा प्रत्येक माणसाचा हक्क आहे असं अधिकृतपणे मान्य केलं ते डिसेंबर १९६५ मध्ये, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत.

पण या इतिहासाचा हिशेब आज कोणाकडून मागायचा? दापचीच्या मुलीकडून? गोव्यात ज्यांनी सोसलं त्यांच्या बाजूने उभं राहायचं कारण आणि लियाच्या बाजूने उभं राहायचं कारण एकच आहे. दोन्हीकडे कोणीतरी दुसऱ्याच्या मनात काय असावं हे ठरवत होतं.

शंकासुर

शेवटचा परिच्छेद मान्य. मी हिशेब चुकता करायला गोवा काढला नव्हता, तो विसरला जाऊ नये एवढंच.

रेघोट्या

इथे बरीच वर्षं वाचते, लिहिते क्वचित. मी ख्रिस्ती आहे, चौथ्या पिढीतली.

साधा_माणूस यांना मला काही सांगायचं आहे. माझ्या ओळखीच्या एका कुटुंबाकडे दर आठवड्याला प्रार्थना व्हायची. दहा-बारा माणसं, दोन गाणी, शास्त्रातला एक उतारा, आजारी माणसांसाठी विनंत्या. एकदा दारात पोलीस आले. उर्मट नव्हते. कोणीतरी अर्ज दिला आहे म्हणाले, आलेल्या लोकांची नावं आणि पत्ते लिहून द्या. दिले. पुढच्या आठवड्यात पाच जण आले, त्याच्या पुढच्या आठवड्यात दोन. ज्या बाईंनी येणं बंद केलं त्यांचा नवरा गेला तेव्हा त्यांना सगळ्यात जास्त गरज होती कोणीतरी शेजारी बसून प्रार्थना करण्याची. कोणी गेलं नाही, कारण गेलं तर पुन्हा नाव लिहिलं जाईल.

कोणाला ओरखडाही उठला नाही. याला गळा चिरण्याइतकं मोठं म्हणा असा माझा आग्रह नाही. पण याला काही नावच नको असं म्हणू नका.

साधा_माणूस

रेघोट्याताई, नाही म्हणणार. तुम्ही लिहिलंत ते बरं झालं. मोजपट्टी एक नसावी हे माझं म्हणणं कायम आहे, पण यादीत हे असायलाच हवं.

भटकी_सावली

नावांच्या यादीवरून. माझ्याबरोबर काही वर्षं एक एरिट्रियन सहकारी होता. त्याच्या देशात २००२ पासून चारच धर्मसंस्थांना मान्यता आहे: ऑर्थोडॉक्स, कॅथलिक, लुथरन आणि सुन्नी इस्लाम. बाकीच्यांना नोंदणी करा म्हणून सांगितलं. नोंदणीसाठी सभासदांची माहिती आणि पैशाचा हिशेब द्यायचा. काहींनी सगळं भरून दिलं आणि तरी परवानगी आली नाही. आता शासनाकडे यादी तयार होती.

धरलेल्यांना मालवाहू लोखंडी कंटेनरमध्ये कोंडतात. दिवसा भट्टी, रात्री गारठा. गायिका हेलन बेरहाने अशा कंटेनरमध्ये दोन वर्षांहून अधिक काळ होत्या, एका कागदावर सही करून सुटता आलं असतं.

मान्यता असलेल्या चर्चचंही ऐका. ऑर्थोडॉक्स चर्चचे सर्वोच्च धर्मगुरू अबुने अँतोनियोस यांनी सरकारी ढवळाढवळीला विरोध केला. त्यांना पदावरून काढलं, घरात नजरकैदेत ठेवलं, आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये तिथेच त्यांचा मृत्यू झाला. माझा सहकारी म्हणायचा, आमच्याकडे मान्यता म्हणजे मालकाने गळ्यात बांधलेला पट्टा.

कडूलिंब

थोडं अवांतर, पण यादीच्या मुद्द्याला धरून. जपानमध्ये १६१४ ला देशभर ख्रिस्ती धर्मावर बंदी आली. त्यानंतर प्रत्येक कुटुंबाला जवळच्या बौद्ध मठात नाव नोंदवून दाखला घ्यावा लागे. नागासाकीच्या भागात दरवर्षी येशूच्या किंवा मरियेच्या प्रतिमेवर पाय ठेवून दाखवावा लागे. लोकांनी पाय ठेवला, घरी येऊन क्षमा मागितली, आणि कानोन देवीच्या मूर्तीत मरियेला पाहत पिढ्यानुपिढ्या प्रार्थना करत राहिले. धर्मगुरू एकही नाही, ग्रंथ नाही, प्रार्थनांचे लॅटिन आणि पोर्तुगीज शब्द पाठांतराने झिजत गेलेले.

मार्च १८६५ मध्ये नागासाकीला परदेशी लोकांसाठी बांधलेल्या ओउरा चर्चमध्ये उराकामी गावचे काही लोक आले, आणि त्यातल्या एका बाईने फ्रेंच पाद्री पेतीजाँ यांना हळूच सांगितलं, आमचं हृदय तुमच्यासारखंच आहे. अडीचशे वर्षं! मला हा प्रसंग वाचल्यावर किती तरी वेळ दुसरं काही सुचलं नव्हतं.

पुढचं कमी सांगितलं जातं. ते उघड झाले म्हणूनच पकडले गेले. उराकामीच्या तीन हजारांहून अधिक लोकांना दूरदूरच्या प्रांतांत हद्दपार केलं, शेकडो मेले. परदेशांचा दबाव आल्यावर १८७३ मध्ये बंदीचे फलक उतरले.

पूर्वा

अवांतर कसलं, हे धाग्याच्या मध्यभागी आहे.

वकिलीणबाई

आपल्या देशातल्या कायद्याबद्दल कोणीच बोललं नाही, म्हणून लिहिते. संविधानाच्या २५ व्या कलमात धर्म मानण्याचा, आचरण्याचा आणि त्याचा प्रसार करण्याचा हक्क आहे. प्रसाराच्या हक्कावर डिसेंबर १९४८ मध्ये संविधान सभेत जोरदार वाद झाला. लोकनाथ मिश्रांनी कडाडून विरोध केला, क. मा. मुन्शींनी बाजू घेतली, आणि हक्क राहिला. त्याआधीच्या तडजोडीत ख्रिस्ती समाजाने सगळ्यात जास्त भर याच शब्दावर दिला होता, हे मुन्शींनी सभेत आवर्जून सांगितलं.

मग १९६७ ला ओडिशाचा आणि १९६८ ला मध्य प्रदेशचा कायदा आला. बळजबरी, फसवणूक, आमिष यांनी केलेलं धर्मांतर गुन्हा. १९७७ च्या स्टॅनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही कायदे वैध ठरवले: प्रसार म्हणजे आपल्या धर्माची तत्त्वं सांगणं, दुसऱ्याला धर्मांतरित करण्याचा हक्क त्यात येत नाही. मला हा निकाल अपुरा वाटतो. सांगणाऱ्याचा हक्क त्यात तपासला गेला, ऐकून मत बदलणाऱ्याचा हक्क जवळपास तपासलाच गेला नाही.

नंतरचे कायदे खूप पुढे गेले. उत्तर प्रदेशच्या २०२१ च्या कायद्यात धर्म बदलू इच्छिणाऱ्याने ६० दिवस आधी जिल्हा दंडाधिकाऱ्याला कळवायचं आहे, आणि धर्मांतर बळजबरीचं नव्हतं हे सिद्ध करण्याची जबाबदारी आरोपीवर आहे. याच्या उलट हिमाचल उच्च न्यायालयाने ३० ऑगस्ट २०१२ ला तिथल्या कायद्यातलं आगाऊ सूचनेचं कलम रद्द केलं होतं. कारण साधं: माणसाला आपली श्रद्धा स्वतःपाशी ठेवण्याचाही हक्क आहे. मूळ धर्मात परतणाऱ्याला सूचना माफ होती, तो भेदभावही न्यायालयाने दाखवून दिला.

आणखी एक. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा फक्त हिंदूंना होता. १९५६ मध्ये शीख आले, १९९० मध्ये बौद्ध आले. दलित ख्रिस्ती आणि दलित मुस्लिम अजून बाहेर आहेत. बाप्तिस्मा घेतला म्हणून गावाने जात विसरली असं कुठे झालं नाही, पण शासनाने ती विसरली. अबोलीताईंच्या रकान्याचं आपल्याकडचं रूप हेच.

शंकासुर

वकिलीणबाई, अभ्यासपूर्ण प्रतिसाद. पण माझी खरी शंका इथेच आहे. गरिबाला औषध, शाळेची फी, नोकरी दाखवून धर्म बदलायला लावणं हे होतच नाही असं तुम्ही म्हणाल का? आजाऱ्याला 'प्रार्थनेने बरा होशील, औषध सोड' सांगणारे मी स्वतः पाहिले आहेत. अशा माणसापासून गरिबाचं संरक्षण शासनाने करायचं नाही?

वकिलीणबाई

होतं. आणि जिथे फसवणूक, धमकी, पैशाचा अपहार आहे तिथे सर्वसाधारण फौजदारी कायदा आहेच. औषध सोडायला लावून कोणाचा जीव धोक्यात घातला तर तो कोणत्याही धर्माच्या माणसाने केलेला गुन्हा आहे.

माझा आक्षेप पुढच्या पायरीला आहे. 'आमिष' याची व्याख्या एवढी सैल केली की मोफत शिक्षण, चांगलं जीवनमान, ईश्वराची कृपा, सगळं त्यात येतं. कोणता धर्म ईश्वराच्या कृपेचं वचन देत नाही? आणि तक्रार ज्याने धर्म बदलला तो करत नाही, बहुतेक वेळा तिसराच करतो. ज्याला वाचवायचं म्हणता त्या गरिबाला तर कोणी विचारतच नाही. गरीब आहे म्हणून त्याला स्वतःचा विचार नसणार, हे गृहीतक मला सगळ्यात अपमानास्पद वाटतं.

साधा_माणूस

+१, विशेषतः शेवटच्या वाक्याला.

इतिहासवेडा

'तिसराच तक्रार करतो' यावरून: इसवी सन ११२ च्या सुमारास धाकटा प्लिनी हा बिथिनियाचा सुभेदार होता. त्याने सम्राट ट्रेजनला विचारलं, ख्रिस्ती लोकांचं काय करू, निनावी याद्या येताहेत. ट्रेजनचं उत्तर: त्यांना शोधत फिरू नका, आणि निनावी तक्रारी तर कुठल्याच खटल्यात घेऊ नका, आपल्या काळाला ते शोभत नाही. कबूल करणाऱ्याला मात्र शिक्षा होतीच, तेव्हा ट्रेजनला फार मोठेपणा द्यायला नको.

पूर्वा

तक्रारीच्या हत्याराची पाकिस्तानात काय गत झाली ते बघा. तिथल्या दंडसंहितेत २९५-सी हे कलम १९८६ मध्ये आलं, झिया उल हक यांच्या काळात. प्रेषितांच्या अवमानाला मृत्युदंड. तक्रारीला पुरावा फारसा लागत नाही, आणि खोट्या तक्रारीची किंमत तक्रार करणाऱ्याला मोजावी लागत नाही.

आसिया बीबी शेतमजूर. जून २००९ मध्ये शेतात पाण्याच्या भांड्यावरून भांडण झालं: ख्रिस्ती बाईने भांड्याला तोंड लावलं, आता आम्ही पाणी कसं प्यायचं. काही दिवसांत त्याचा ईशनिंदेचा खटला झाला. नोव्हेंबर २०१० मध्ये फाशीची शिक्षा. त्यांची बाजू घेणारे पंजाबचे गव्हर्नर सलमान तासीर यांना ४ जानेवारी २०११ ला त्यांच्याच अंगरक्षकाने मारलं, आणि न्यायालयात नेताना त्या खुन्यावर वकिलांनी गुलाबाच्या पाकळ्या उधळल्या. दोन महिन्यांत, २ मार्चला, मंत्रिमंडळातले एकमेव ख्रिस्ती मंत्री शाहबाज भट्टी यांचा खून. आसिया बीबी ३१ ऑक्टोबर २०१८ ला निर्दोष सुटल्या आणि पुढच्या वर्षी देश सोडून गेल्या.

न्यायाधीशांनी धैर्य दाखवलं हे नोंदवायला हवं. साक्षी एकमेकींशी जुळत नाहीत असं त्यांनी स्पष्ट लिहिलं. पण कलम तसंच आहे. १६ ऑगस्ट २०२३ ला जरांवालात पुन्हा ईशनिंदेच्या आरोपावरून जमाव निघाला आणि वीसहून अधिक चर्च आणि कितीतरी घरं जाळली.

भटकी_सावली

याच पाकिस्तानची आणखी एक गोष्ट मला विसरता येत नाही. १९४८ मध्ये संयुक्त राष्ट्रांत मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यावर चर्चा चालली होती. १८ व्या कलमात धर्म बदलण्याचं स्वातंत्र्य स्पष्ट लिहावं यासाठी लेबनॉनचे चार्ल्स मलिक झटत होते. सौदी अरेबियाचा विरोध होता. तेव्हा पाकिस्तानचे परराष्ट्रमंत्री जफरुल्ला खान उभे राहिले आणि कुराणाचा दाखला देऊन त्यांनी त्या कलमाला पाठिंबा दिला.

जफरुल्ला खान अहमदिया होते, म्हणजे स्वतःला मुस्लिम मानणाऱ्या एका पंथाचे. १९७४ मध्ये त्यांच्याच देशाने घटनादुरुस्ती करून अहमदियांना मुस्लिम नाहीत असं ठरवलं, आणि १९८४ च्या वटहुकुमाने त्यांनी स्वतःला मुस्लिम म्हणवणंही गुन्हा केला. ख्रिस्ती लोकांच्या छळाबद्दल बोलताना अहमदियांना बाहेर ठेवता येणार नाही, ते याच कायद्यांखाली भरडले जातात.

कडूलिंब

हे माहीत नव्हतं. आभार.

शंकासुर

एक प्रश्न रेघोट्याताईंना, आणि तो टोमणा नाही. एवढं सगळं सोसून माणसं श्रद्धा सोडत का नाहीत? डेसियसचा दाखला घेऊन मोकळं व्हायचं, मनात काय मानायचं ते मानायचं.

रेघोट्या

टोमणा वाटला नाही.

पुष्कळ जण तसं करतात, आणि मी त्यांना दोष देणार नाही. येशूचा शिष्य पेत्र यानेही त्याला तीनदा नाकारलं होतं हे आम्ही दर वर्षी उपासनेत वाचतो. पण माझ्यापुरतं सांगते. श्रद्धा ही मला मनात ठेवलेली वस्तू वाटत नाही. कोणाबरोबर बसून प्रार्थना करते, कोणाच्या दुःखात जाते, मुलांना काय शिकवते, मेल्यावर कोणत्या शब्दांनी मला पुरावं, यात ती आहे. मनात काय हवं ते माना, बाहेर दिसू देऊ नका, असं सांगणारा तिचे हातपाय तोडूनच ठेवा म्हणतो.

ग्लॅडिस स्टेन्स आठवतात. जानेवारी १९९९ मध्ये ओडिशातल्या मनोहरपूरला त्यांचे पती ग्रॅहम आणि दोन मुलगे, दहा वर्षांचा फिलिप आणि सहा वर्षांचा टिमोथी, गाडीत झोपलेले असताना जाळले गेले. त्यांनी क्षमा केली आणि कुष्ठरोग्यांचं काम चालू ठेवलं. लोक त्या क्षमेचं फार कौतुक करतात. मला त्यात एक भीती वाटते, की क्षमा करणाऱ्याचं कौतुक केलं की न्याय मागणाऱ्याची जबाबदारी संपली असं समजलं जातं. ऑगस्ट २००८ मध्ये विश्व हिंदू परिषदेचे नेते स्वामी लक्ष्मणानंद यांचा खून झाला, माओवाद्यांनी जबाबदारी घेतली, आणि ओडिशातल्याच कंधमालमधल्या ख्रिस्ती वस्त्यांवर सूड उगवला गेला. पन्नास हजारांच्या वर माणसं घर सोडून पळाली. साक्षीदार घाबरले, बहुतेक आरोपी सुटले. घर सोडून पळालेल्यांची क्षमा मागायला कोणी आलं नाही आणि त्यांना न्यायही मिळाला नाही.

अबोली

एवढं सगळं येईल असं वाटलं नव्हतं. साधा_माणूस यांचा आक्षेप मी घेऊन जाते: मोजपट्ट्या वेगळ्या हव्यात. पण रेघोट्याताईंची प्रार्थनासभा, एरिट्रियाची नोंदणी आणि २९५-सी वाचून माझं मूळ मत आणखी घट्ट झालं.

दुसरा प्रश्न मात्र तसाच राहिला. कायदा बदलल्याने खरोखर फरक पडला असा एखादा देश?

वकिलीणबाई

सुदान. २०१४ मध्ये मरियम इब्राहिम या गरोदर बाईला धर्मत्यागासाठी फाशीची शिक्षा झाली होती. वडील मुस्लिम म्हणून ती मुस्लिम, असं न्यायालयाचं म्हणणं. तिला वाढवलं होतं ख्रिस्ती आईने. तुरुंगात पायात बेड्या असताना बाळंत झाली. जगभरातून ओरड झाल्यावर त्याच वर्षी शिक्षा रद्द झाली. राष्ट्राध्यक्ष बशीर यांची सत्ता गेल्यावर जुलै २०२० मध्ये धर्मत्यागाचा गुन्हाच कायद्यातून काढला. पण ऑक्टोबर २०२१ मध्ये लष्कराने सत्ता घेतली, एप्रिल २०२३ पासून युद्ध चालू आहे आणि त्यात चर्चही सुटलेली नाहीत. कायदा बदलला, त्याला मूळ धरायला वेळच मिळाला नाही.

इतिहासवेडा

इजिप्त. तिथे चर्च बांधायला १८५६ च्या उस्मानी फर्मानाचा आणि १९३४ च्या दहा अटींचा आधार घेत. जवळ मशीद किती अंतरावर, शेजाऱ्यांची हरकत आहे का, हे सगळं पाहून परवानगी, आणि कित्येक दशकं ती थेट राष्ट्राध्यक्षांच्या सहीने. साधी दुरुस्तीही त्यातच अडकायची. म्हणून लोक घरातच उपासना करत, आणि 'विनापरवाना चर्च' अशी हाकाटी झाली की जमाव यायचा. अबोलीताई, कागद आधी आणि जमाव नंतर, अगदी तुम्ही म्हणता तसं.

२०१६ चा ८० वा कायदा आला आणि अधिकार राज्यपालांकडे गेले. जुनी विनापरवाना चर्च नियमित करायला समिती नेमली, आणि तिने आजवर तीन हजारांहून अधिक चर्च आणि त्यांच्या इमारती कायदेशीर केल्या. नवीन चर्चसाठीची परवानगी अजून रखडते, मिनया प्रांतातल्या खेड्यांत हल्ले अजून होतात, आणि मशिदींना हा कायदा लागू नाही, त्यांचे नियम वेगळे आणि सोपे आहेत. पण ज्या चर्चला कागद मिळाला तिच्या दाराशी आलेल्या पोलिसाला आता ती बेकायदा आहे असं म्हणता येत नाही.

साधा_माणूस

मिनया म्हणजे लिबियात मारलेल्या त्या मजुरांपैकी बहुतेकांचा प्रांत ना?

इतिहासवेडा

हो. त्यातले बरेच जण अल-और या एकाच गावचे. त्यांच्या स्मरणार्थ चर्च बांधायला राष्ट्राध्यक्षांनी लगेच मंजुरी दिली, तरी गावात त्यावरून निदर्शनं झाली, दगडफेक झाली, आणि ठरलेली जागा बदलावी लागली. चर्च फेब्रुवारी २०१८ मध्ये उघडलं.